बाईसाहेबांचा पंचनामा

गोगलगायीचं पोट भरलं आहे की नाही हे बाहेरून ओळखायचं कसं, हा प्रश्न मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पडला, आणि त्याने मला असा काही धरला की दोन दिवस मी कचेरीत कुणाशी धड भांडलोसुद्धा नाही. मी न्यायालयाच्या नोंदणी विभागात आहे. तिथे न भांडता दिवस काढणं ही आजारपणाची खूण समजतात. साहेबांनी काळजीने विचारलं, तेव्हा मी म्हटलं की तब्येत उत्तम आहे, घरी एक पाहुण्या आल्या आहेत.

पाहुण्या म्हणजे ताईच्या बाईसाहेब. पाण्यात राहणारी गोगलगाय, लिंबाएवढा सोनेरी शंख, खाली करडं मऊ अंग, पुढे दोन लांब मिशा. बाईसाहेब हे नाव भावोजींनी ठेवलेलं, तिच्या चालण्यातला तोरा बघून. भावोजींच्या फिशटँकमध्ये चौदा मासे आणि ही एक. भावोजी गेले, तेव्हा ताईने मासे ओळखीच्यांना देऊन टाकले, पण बाईसाहेबांना हात लावू दिला नाही. त्यानंतर आठ महिने ताई स्वतःच्या घराच्या बाहेर म्हणून पडली नाही. कुठेही बोलवा, उत्तर एकच. बाईसाहेबांकडे कोण बघणार?

भाचीला मुलगी झाली, तीन महिन्यांची झाली, आणि ताईने नात पाहिली ती फोनवरच. एका रविवारी आम्ही ताईकडे गेलो असताना भाची फोनवर रडायलाच लागली. एका गोगलगायीपायी तू येत नाहीस, म्हणाली. ते रडणं मला सहन झालं नाही आणि मी बोलून गेलो, "मी बघतो बाईसाहेबांकडे."

माझ्या बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आमच्या घरातली दोन फळ्यांवर थांबलेली पुस्तकांची मांडणी, एका बाजूने रंगवलेली खुर्ची आणि तिसऱ्या धड्यावर सोडलेला पत्राद्वारे चित्रकला अभ्यासक्रम, असं सगळं होतं. ताईने तर तोंडावरच सांगितलं. "छोट्या, तू लहानपणी कासव हरवलं होतंस. कासव हरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

ते हरवलं नव्हतं, ते आपणहून गेलं होतं, आणि त्यात माझी काहीही चूक नव्हती. पण हा वाद चाळीस वर्षं चालू आहे आणि त्या दिवशीही निकाली निघाला नाही. शेवटी ताई महिनाभर भाचीकडे जायला तयार झाली, एका अटीवर. बाईसाहेबांना काही झालं तर मिळेल त्या गाडीने ती परत येणार आणि मग पुन्हा कुणी तिला कुठे ये म्हणायचं नाही. ताई उगाच बोलणाऱ्यातली नाही. म्हणजे तीस दिवस बाईसाहेब जगल्या तर भाचीला आई मिळणार होती, आणि नाही जगल्या तर ताई त्या दोन खोल्यांत कायमची बसणार होती. हे मला कळलं आणि अंगात असा उत्साह संचारला की टँक मी स्वतः उचलला. माझी पाठ तेव्हापासून जरा डावीकडे आहे.

पहिला अडथळा आमच्या इमारतीच्या दारातच. सोसायटीचे सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते. पाळीव प्राणी आणायला परवानगी लागते, म्हणाले, आणि दोन पानी अर्ज काढला. त्यात प्राण्याची जात, उंची, लसीकरणाचा दाखला, गळ्यातल्या पट्ट्याचा रंग आणि भुंकण्याच्या वेळा असे रकाने होते. मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज अपुरे म्हणून परत केले आहेत. माझा अर्ज अपुरा राहणं शक्य नव्हतं. भुंकण्याच्या वेळा या रकान्यात मी लिहिलं, 'भुंकत नाही, क्वचित काचेवर चढते.' सेक्रेटरींनी ते तीनदा वाचलं आणि प्राणी जिन्यात मोकाट सोडणार नाही, असं हमीपत्र माझ्याकडून लिहून घेतलं. मी दुखावलो. गोगलगाय मोकाट सोडली तर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचेपर्यंत सोसायटीची निवडणूक होऊन जाईल, असं मी म्हणालो नाही. सही केली.

ताईने एक कागद दिला होता. रोज एकदा, अंगठ्याएवढा काकडीचा उकडून मऊ केलेला तुकडा किंवा पालकाचं एक पान. उरलेलं संध्याकाळी काढणे. आठवड्यातून एकदा अंड्याचं धुऊन कुटलेलं कवच, शंखाला चुना मिळावा म्हणून. पाणी काठोकाठ भरू नये, तिला श्वास घ्यायला वर यावं लागतं. झाकण लावावे. लाड करू नयेत. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

मला वाटलं होतं की हे कर्तव्य म्हणून पार पाडायचं काम आहे. पहिल्याच सकाळी बाईसाहेब काचेवरून वर आल्या आणि त्यांनी अंगातून एक नळी बाहेर काढली, चांगली बोटभर. मी ओरडलो. आतडं बाहेर आलं असंच मला वाटलं. बायको हातातलं टाकून धावत आली, बाबा काठी विसरून आले. बाईसाहेबांनी नळी पाण्याच्या वर धरली, शांतपणे चार श्वास घेतले आणि नळी आवरून खाली गेल्या. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. बाबांचं वय ब्याऐंशी. ते म्हणाले, एवढं शिस्तीत श्वास घेणारं आपल्या घरात कुणी नाही.

मग काकडी टाकली. बाईसाहेबांना चव कळायला सात मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. मिशा हलल्या, अंग वळलं आणि त्या निघाल्या. वाटेत एक दगड होता. दगडावर चढावं की वळसा घालावा यावर त्यांनी बराच विचार केला. मी मनातल्या मनात वळसा, वळसा म्हणत होतो. त्या चढल्या. उतरल्या. काकडीवर बसल्या, आणि काचेतून मला त्यांचं तोंड दिसलं, एवढंसं, उघडत-मिटत. चाळीस मिनिटांत काकडीला भोक पडलं. माझी कचेरीची बस चुकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी उशिरा पोचलो आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहावं की काय या विचारात आणखी पाच मिनिटं घालवली.

रोज संध्याकाळी सातला ताईचा फोन यायचा. नातीचं काही सांगायची नाही, भाचीचं नाही. एकच विचारायची, "खाल्लं का तिने?" मी म्हणायचो, खाल्लं. फोन बंद. भाची मला वेगळ्याने कळवायची की आई मुलीला मांडीवर घेते, पण लक्ष घड्याळाकडे असतं.

अठराव्या दिवशी टँकमधलं पाणी दुधाळ झालं आणि त्याला वास यायला लागला. बाईसाहेब वर काठाशी येऊन बसल्या, उतरायलाच तयार नाहीत. मी घरातच चौकशी बसवली. मी रोज सकाळी आठला काकडी देत होतो. चौकशीत असं उघड झालं की बायको रोज अकराला पालकाचं पान घालत होती, कारण मी विसरलो असेन अशी तिला खात्री होती. आणि दुपारी तीनला बाबा भोपळ्याचा उकडलेला तुकडा वरूनच दगडामागे सोडत होते, कारण आम्ही दोघं तिला उपाशी मारतो आहोत असं त्यांचं मत होतं. लाड करू नयेत असं लिहिलेलं असल्यामुळे कुणी कुणाला बोललं नव्हतं. संध्याकाळी प्रत्येक जण चोरून आपापलं उरलेलं काढायचा. बाबांना दगडामागे हात घालता येत नसल्यामुळे भोपळा तिथेच साचला होता, अठरा दिवसांचा. मी बाबांना जाब विचारला. ते जराही ओशाळले नाहीत. "पाहुण्याला विचारून वाढायचं नसतं," म्हणाले.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, खाल्लं का? मी म्हटलं, खाल्लं. इतकं खरं उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर बघायला आले, शंखाच्या टोकाला पांढरा टवका उडालेला त्यांनी दाखवला आणि दात असता तर इथल्या इथे भरून दिला असता, म्हणून हळहळले. समोरच्या काकूंनी टँकमध्ये डोकावून सांगितलं की पाणी बदलणार असाल तर फेकू नका, असलं पाणी झाडांना अमृत असतं, बादलीभर मला द्या. काकूंनी जिन्यात सात कुंड्या ठेवल्या आहेत. तेवढ्यासाठी त्यांची आणि सेक्रेटरींची चार वर्षं धुसफूस चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टँक धुवायला घेतला. बाईसाहेबांना जुन्या पाण्याच्या बादलीत हळूच सोडलं, एकदम नवं पाणी नको म्हणून. दगड घासले, वाळू धुतली, आदल्या दिवसापासून भरून ठेवलेलं पाणी ओतलं, झाकण लावलं. स्वतःवरच खूश होऊन पाहत उभा राहिलो आणि घड्याळाकडे लक्ष गेलं. बस. बायकोला ओरडून सांगितलं, बघ गं जरा, आणि पळालो.

संध्याकाळी सहाला घरी आलो, हातात ताजी काकडी. टँक असा लखलखत होता की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. मी वाचलंही. मग लक्षात आलं की मधे कुणीच नाही. बाबा खुर्चीतून म्हणाले, दगडामागे आहे, सकाळपासून अगदी शांत आहे. मी दगड उचलला.

बायकोला विचारलं, तिला बादलीतून परत ठेवलंस ना? ती म्हणाली, तुम्हीच ठेवली ना, झाकण लावलेलं होतं. बघ जरा म्हणजे काय बघायचं, हे मी सांगितलं नव्हतं, असंही ती म्हणाली आणि ते खरं होतं. बादली कुठे आहे? बादली काकूंना दिली. काकूंनी ती सकाळी नऊलाच, सात कुंड्यांमध्ये, सारखी वाटून ओतली होती. पाणी गढूळ होतं, त्यात काही आहे की नाही कोण बघतं, म्हणाल्या.

आम्ही चौघं जिन्यात गुडघ्यांवर बसलो. मी, बायको, काकू, आणि चाळणी घेऊन वरून उतरलेले डॉक्टर. मी कुंडीमागून कुंडी चाचपत होतो आणि डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, ताई स्टेशनवर उतरते आहे, एकटी, हातात बॅग. तेवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांनी आम्हाला पाहिलं, मला पाहिलं, आणि हमीपत्राची आठवण करून दिली. प्राणी जिन्यात मोकाट आहे काय? मी म्हटलं, मोकाट नाही, कुंडीत आहे, कोणत्या ते निश्चित नाही. कुंड्यांना परवानगी नाही, ते म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढे बोलले नाहीत. शेवटी पँट सावरून तेही बसले आणि सहाव्या कुंडीत हात घातला. बाईसाहेब त्यांनाच सापडल्या. पानांच्या खाली, मातीने माखलेल्या, शंखाच्या तोंडाशी असलेलं दार घट्ट लावून घेतलेलं.

घरात आणून बशीत ठेवली. हलेना. माशांच्या दुकानदाराला फोन लावला. तो शांत माणूस. दार लावून बसली असेल किंवा मेली असेल, म्हणाला, वास घ्या. मेलेल्या गोगलगायीला असा वास येतो की खोलीत थांबता येत नाही. मी थोड्या वेळाने फोन करतो, गिऱ्हाईक आहे.

इथे माझी नोकरी आडवी आली. बावीस वर्षं पंचनामे नोंदवणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट नुसती हुंगता येत नाही. मी कागद घेतला, समास सोडला, तारीख-वेळ घातली आणि उपस्थितांना पंच म्हणून ओळीने उभं केलं. एकेकाने पुढे यायचं, बशी नाकाशी धरायची, मत सांगायचं. पहिले पंच डॉक्टर. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, रोज याहून वाईट वास घेतो म्हणाले, पण वास आहे. दुसरे पंच सेक्रेटरी. वास निश्चित आहे आणि तो सोसायटीच्या नियमात बसत नाही. तिसरी बायको, तिला रडू येत असल्यामुळे वास आला नाही. बाबांनी भोपळ्याचा वास येतो असं सांगितलं. त्यानंतर काकू पुढे आल्या आणि बशी नाकाशीही न नेता म्हणाल्या की वास खताचा आहे, कालच कुंड्यांना माशांचं खत घातलं. म्हणजे सगळा पुरावाच दूषित. मी डोकं धरून बसलो.

आणि फोन वाजला. दुकानदारच असणार, म्हणून डॉक्टरांनी उचलला, व्हिडिओ कॉल आहे एवढंच पाहून, समोर कोण आहे हे न बघता, तो थेट बशीवर धरला आणि म्हणाले, "बघा हो, ही मेली आहे का नक्की सांगा, आम्हाला वासावरून कळत नाही."

फोनमधून ताईचा आवाज आला. "छोट्या?"

त्या दिवशी तिने वीस मिनिटं आधी फोन केला होता. मी फोन हातात घेतला. खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी सुचलं नसतं. मी सगळं सांगितलं, तारीख-वेळेसकट, भोपळ्यापासून सहाव्या कुंडीपर्यंत. शेवटी म्हटलं, "ताई, मी हरवली तिला. माझंच चुकलं." पाठीमागे पाच पंच ओळीने उभे होते. ताईचा चेहरा लहानशा पडद्यावर होता आणि त्यावरून मला काही वाचता येईना.

मग ती हसायला लागली. आठ महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे मला आधी वाटलं फोन बिघडला. "अरे, यांनी दोनदा हरवली होती तिला," ताई म्हणाली. "एकदा बुटात सापडली. बूट घातल्यावर." आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पदराने पुसले, पुन्हा भरले.

"ती निमित्त होती रे," ताई म्हणाली. "मला घर सोडायचं नव्हतं. मी तिथे आहे तोवर हे बाहेर गेलेत, येतील, असं वाटायचं. मी निघाले तर ते गेले हे खरं होणार होतं." मग म्हणाली, "झालं खरं. आणि तरी मी आहे इथे."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "बेटा, किती वाळलीस गं." ताई म्हणाली, बाबा, तुम्ही भोपळा घालायचा नाही. मग तिने नेहमीच्या आवाजात आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. शंख साध्या पाण्याने धुवा. खोलगट ताटात कालचं भरून ठेवलेलं पाणी घ्या, शंख बुडेल इतकंच. आणि तोंडं जवळ नेऊ नका, तिलाही वास येत असेल.

आम्ही ताटाभोवती बसलो. फोन बाबांच्या हातात, पडदा ताटाकडे. दहा मिनिटं गेली. सेक्रेटरींनी कुजबुजत विचारलं, अर्जात वय लिहिलं होतं का? काकूंनी त्यांना गप्प केलं. पंधराव्या मिनिटाला शंखाचं दार केसभर हललं. मला वाटलं, मला भास झाला. पण डॉक्टरांनी माझा दंड आवळला होता. दार आणखी उघडलं, मातीचा एक कण बाहेर तरंगला आणि एक मिशी आली, तिने इकडेतिकडे पाहिलं, मग दुसरी आली. बाईसाहेब हळूहळू, कुणाचीही पर्वा न करता, सगळ्या बाहेर आल्या. बायकोने माझा खांदा धरला. मी लगेच पंचनाम्यावर लिहिलं, 'जिवंत', आणि पाचही जणांच्या सह्या घेतल्या. सेक्रेटरींनी हुद्द्यासकट केली.

मी काकडीचा तुकडा ताटात ठेवला. बाईसाहेबांच्या मिशा हलल्या, अंग वळलं. त्या काकडीकडे निघाल्या आणि नेमकं तेव्हाच फोनमधून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. ताईने मान फिरवली. "उठली वाटतं," म्हणाली. "छोट्या, मी आणखी महिनाभर राहते इकडे. हिला मांडीवर घेतल्याशिवाय झोप लागत नाही. आले गं, आले, रडू नकोस." पडदा काळा झाला.

मी फोनकडे बघत राहिलो. बाईसाहेब काकडीवर चढल्या होत्या आणि तोंड उघडत-मिटत होतं. खाल्लं का, हे विचारायला ताई विसरली होती. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा. क्षणभर मला रागच आला, एवढं जिवावर उदार होऊन आम्ही हे केलं आणि हिला विचारायलाही सवड नाही. आणि मग मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांना म्हणालो, आता जेवूनच जा. एरवी लोक नको नको म्हणतात. बायको आणि बाबांसकट पाचही पंच ताटापासून न हलता जागच्या जागी बसले.